बुचड्यासकट उंची

मित्रांनो, माझ्याजवळ यायचे असेल तर आधी चपला काढा. मग माझ्याकडे पाठ करा, टाचा मागे टेकवा आणि नजर सरळ समोर ठेवा. एवढे झाले की मी तुम्हाला ओळखते. नाव, गाव, कुणाचे कोण, यातले मला काही कळत नाही. मी उंची मोजायची एक जुनी लाकडी फळी आहे.

सध्या माझा मुक्काम दूर महासागरातल्या रारोटोंगा बेटावर, विद्यापीठाच्या छोट्या केंद्रात, मागच्या खोलीच्या दाराआड असतो. माझ्या सरकपट्टीवर कुणीतरी छत्री अडकवून ठेवली आहे. वर्गात आता घडी होणारी, पांढरी, हलकी अशी नवी फळी आली आहे आणि विद्यार्थी तिच्यासमोर रांग लावतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ती बरोबर मोजते, असे मी ऐकले आहे.

माझा जन्म उंडीच्या लाकडातून झाला. होडी करून उरलेला तो तुकडा होता. सुताराचे नाव तामातोआ. विद्यापीठाचे लोक त्याच्याकडे आले तेव्हा तो आधी हसला.

"उंची मोजायला फळी कशाला? माझ्या घरात दाराची चौकट आहे की."

"चौकट बेटाबेटांवर नेता येत नाही, काका."

तेव्हा कुठे त्याने रंधा हातात घेतला. खाली पाय ठेवायची पाटी, मागे मी, वर-खाली सरकणारी आडवी पट्टी आणि कडेने आकडे. माझ्या अंगावर लाकडाचीच एक तांबूस गाठ होती. तिच्यावर त्याने रंधा फिरवून पाहिला, पण ती काही जाईना. "असू दे," तो म्हणाला, "असतो एखादीच्या गालावर तीळ." मित्रांनो, ती गाठ लक्षात ठेवा.

केंद्रात सार्वजनिक आरोग्य आणि प्राथमिक आरोग्यसेवेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. शिकायला येतात ती कोवळी पोरे नसतात. कुणी परिचारिका, कुणी दाताचे डॉक्टर, कुणी गावोगाव पाणी तपासत फिरणारा. माझे बरेचसे आयुष्य ज्या विद्यार्थिनीबरोबर गेले ती तेपाएरू. इस्पितळात साखरेच्या आजाराने चिघळलेले पाय धुऊन धुऊन ती थकली होती. "हे पाय इथवर येतात कसे, ते मला मुळापासून बघायचंय," असे म्हणून ती संसार सांभाळत पुन्हा वह्या-पुस्तकांकडे वळली.

शिकवणाऱ्या लोसालिनी मॅडम फिजीत, सुवा शहरात असत आणि पडद्यावर दिसत. त्यांची एक पद्धत होती. एकाच मुलाला दोघींनी वेगवेगळे मोजायचे आणि आपला आकडा दुसरीला दाखवायचा नाही. दोन आकडे जुळले नाहीत की मॅडम पडद्यातून विचारत, "काय गं, एवढ्यात मूल वाढलं, की एकीचा हात ढिला?" वर्ग हसे. मग त्या गंभीर होत. "चपला काढा. केसांतल्या क्लिपा काढा, गाठ सोडा. पट्टी माथ्याला लागली पाहिजे, केसांना नाही."

हात बसावा म्हणून तेपाएरू मला शनिवारी गाडीच्या मागच्या हौद्यात टाकून घरी नेई. रविवारी चर्चमधून आल्यावर ती आपल्या चार वर्षांच्या मुलीला, उराला, माझ्यासमोर उभी करी. आकडा मागच्याच रविवारचा आला की तिचा चेहरा उतरे.

"आज नीट जेवली नाही ना ही?"

तिचा नवरा इओआने ओट्यावर मासा साफ करत असे. तो मान वर न करता म्हणे, "नारळालासुद्धा दर आठवड्याला नवी झावळी येत नाही, तेपाएरू. पोरीला जरा दम खाऊ दे."

"तू गप्प बस. मागच्या रविवारी एवढीच होती."

"मागच्याच रविवारी तर मोजलीस!"

ती उराला पुन्हा उभी करी. मी पुन्हा तोच आकडा दाखवी. माझ्याकडे दुसरा नव्हता.

मग तिच्या प्रबंधाचे काम आले. आतिऊ बेटावर आई-बाप ऑकलंडला कामाला गेलेली आणि आजी-आजोबांनी वाढवलेली मुले पुष्कळ. ती कशी वाढतात, हे तिला पाहायचे होते. एकदा मोजायचे, सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचे. मला पांदानाच्या, म्हणजे केवड्यासारख्या पानांच्या, चटईत गुंडाळून छोट्या विमानात चढवले. त्याआधी सामानाच्या काट्यावर माझेच वजन केले. मला ते जरा विचित्र वाटले.

चर्चच्या सभागृहात मला भिंतीला टेकवून उभे केले. आज्या मुलांना घेऊन आल्या, येताना केळ्याची खीर आणि उकडलेले अळूचे कांदे घेऊन आल्या. त्यात अकाइती आजी होत्या. त्यांच्या हाताला धरून नूकू आला. तो उराच्याच वयाचा. गोल चेहऱ्याचा, शांत मुलगा. त्याने आपल्या हिरव्या चपला काढून माझ्या पायाशी नीट जोडून ठेवल्या.

नूकूचे केस जन्मापासून कापलेले नव्हते. तिथे काही घरांत मुलाचे केस असेच राखतात आणि तो मोठा झाला की सगळे गणगोत जमवून समारंभाने कापतात. नूकूचे आई-बाप ऑकलंडहून आल्यावर त्याचा समारंभ व्हायचा होता. तोवर आजींनी त्याच्या डोक्यावर घट्ट बुचडा बांधला होता.

तेपाएरूचा हात त्या बुचड्यापर्यंत गेला आणि थांबला. तिच्या स्वतःच्या भावाचे केस असेच राखलेले होते. अशा केसांना परक्याने हात लावलेला तिच्या आईला मुळीच खपत नसे. परका शिकाऊ डॉक्टर असता तर त्याने सरळ गाठ सोडली असती आणि बोलणी खाल्ली असती. ही घरचीच. तिने हात मागे घेतला. आजींना विचारावे, असे तिच्या ओठांवर आले असेल, पण विचारणेसुद्धा तिला आगाऊपणाचे वाटले असावे. तिने सरकपट्टी अलगद खाली आणली. पट्टी बुचड्यावर टेकली, माझ्या तांबूस गाठीच्या जरा खाली.

"छान आहे, आजी."

"असणारच! माझ्या हातचं खातो," आजी म्हणाल्या. "आणि इतका गुणी आहे, जिथे बसवावं तिथे बसून राहतो."

त्या दिवशी बुचडे बांधलेली आणखीही मुले आली. एकाचाही बुचडा सुटला नाही. मी त्यांचे केस मोजले. माझ्याखाली जे येते ते मी मोजते.

सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा आतिऊला गेलो. तेच सभागृह, तीच केळ्याची खीर. नूकू आला तेव्हा उकाड्यातही त्याच्या अंगात लोकरीचा स्वेटर होता. केस वाढले होते आणि बुचडा आता नारळाच्या करवंटीएवढा दिसत होता. सरकपट्टी खाली आली आणि बरोबर माझ्या गाठीवर थांबली.

"वाढला!" तेपाएरू म्हणाली.

"तर!" आजी खूश झाल्या. "आणि वस्तूसुद्धा किती जपून वापरतो बघ. या चपला मागच्या नाताळातल्या. दुसऱ्या पोरांना वर्षात तीन जोड लागतात. याला एकच पुरला."

तेपाएरू आकडा लिहीत होती. तिचा हात थांबला. तिने खाली पाहिले. माझ्या पायाशी त्याच हिरव्या चपला होत्या, नीट जोडून ठेवलेल्या. उराच्या चपला तेवढ्या काळात दोनदा बदलल्या होत्या. दुसऱ्यांदा तर बोटे पुढे आलेली पाहून तिने इओआनेलाच झापले होते.

"नूकू, बाळा, चपला घाल बघू."

त्याने घातल्या. टाच आत होती, बोटे आत होती. वर्षभरानंतरही तिथे जागा उरली होती.

"आजी, याला थंडी वाजते?"

"सारखी. गोधडीतून निघायलाच मागत नाही. आणि झोपतो तरी किती! कोंबड्यांबरोबर झोपतो आणि उन्हं वर आली तरी उठत नाही." आजींच्या लक्षात आले की समोरची पोर हसत नाही. "का गं? काय झालं?"

तेपाएरूने पेन खाली ठेवले. "आजी, याचा बुचडा सोडायला हवा. मी हात लावणार नाही, तुम्ही सोडा. तुमची हरकत असेल तर तसं सांगा."

आजींनी कपाळाला हात लावला.

"हरकत? अगं, उवा बघायला मी रोज सोडते तो! मागच्या खेपेलाच बोलायचं नाही का? मला वाटलं, तुमच्या शहरात बुचड्यासकटच मोजतात."

सभागृहातल्या सगळ्या आज्या हसल्या. तेपाएरूला हसू आले नाही. आजींनी दोन बोटांनी गाठ सोडली आणि केस नूकूच्या पाठीवर पसरले. सरकपट्टी पुन्हा खाली आली. ती येतच राहिली. शेवटी माथ्याला टेकली तेव्हा माझी तांबूस गाठ तिच्यापासून बरीच वर राहिली होती, एखाद्या माणसाची मूठ आडवी मावेल इतकी.

हसणे थांबले.

"माझ्याकडे याला खायला कमी पडलं का गं?" आजींनी अगदी हळू विचारले. "त्याच्या आईला मी काय सांगू?"

"खाण्याचं नाही, आजी. मला वाटतं, गळ्यात एक ग्रंथी असते, वाढीचं काम बघते, ती याची मंदावली आहे. रक्त तपासलं की कळेल. तसं असलं तर रोजची एक गोळी, बस. पण याला आता रारोटोंगाला न्यायला हवं, थांबून चालणार नाही."

"आणि तू मागे म्हणालीस, छान आहे?"

"म्हणाले. चुकले मी."

आजींनी नूकूचे केस पुन्हा वर घेतले आणि बांधायला लागल्या, पण त्यांच्या बोटांना गाठ साधेना.

दुपारी तेपाएरूने तिथूनच मॅडमना फोन लावला. मी भिंतीला टेकलेली होते, म्हणून ऐकले. बुचडेवाल्या सगळ्या मुलांचे पहिल्या फेरीतले आकडे खोटे ठरले होते. ते काढून टाकायचे, मुलांना नव्याने मोजायचे आणि पुन्हा सहा महिने थांबायचे. पदवी पुढच्या वर्षावर जाणार.

"मॅडम, तुम्ही पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. मला येत होतं. फक्त आपल्याच माणसांत ते करायची लाज वाटली."

मॅडम म्हणाल्या, "पदवीचं नंतर बोलू. मुलाला कधी आणतेस?"

"उद्याच्या विमानात."

"मग ठीक. आणि हे सगळं प्रबंधात लिही, तेपाएरू. लाजेसकट लिही."

तिचा अंदाज बरोबर निघाला. नूकूला गोळ्या सुरू झाल्या. तेपाएरू घरोघर गेली आणि प्रत्येक आजीला आधी विचारून मग मोजू लागली. एकीनेही नाही म्हटले नाही. एका आजीने तर बुचडा सोडताना त्यात हरवलेली शिवणाची सुई सापडल्याबद्दल तिचे आभार मानले. प्रबंध वर्षभर उशिरा पूर्ण झाला. मला चटईत गुंडाळून परत आणले गेले आणि हळूहळू मी दाराआड सरकले.

मग आजींचा निरोप आला. नूकूचे आई-बाप येणार, केस कापायचे ठरले, उराला आणि इओआनेला घेऊन ये. "आणि त्या लाकडी बाईलाही आण."

मी गेले. अंगणात खुर्चीवर हाताने शिवलेली फुलाफुलांची गोधडी अंथरली होती आणि नूकू तिच्यावर बसला होता. पाय हलवत होता, एक मिनिट स्वस्थ बसत नव्हता. आजी तीनदा ओरडल्या. त्याच्या केसांच्या बटा रंगीत फितींनी बांधल्या होत्या. पहिली बट पाद्रीबाबांनी कापली. मग आजींनी कात्री तेपाएरूच्या हातात दिली.

"तेव्हा हात लावायला लाजलीस. आता काप."

मंडळींनी एकेक बट कापली. शेवटी डोके मोकळे झाले. नूकूने आपल्या चपला काढल्या. त्या निळ्या होत्या, नव्या, आणि त्याने त्या जोडून ठेवल्या नाहीत, भिरकावल्या. एक माझ्या पायाशी पडली, एक मांडवापाशी. तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. तेपाएरूने सरकपट्टी खाली आणली. मध्ये आता काहीच नव्हते. पट्टी माथ्याला टेकली.

"किती गं?" आजी मागून विचारत होत्या. "मला दिसत नाही, किती?"

तेपाएरूने आकडा सांगितला नाही. तिने आजींचा हात धरून त्यांचे बोट माझ्या तांबूस गाठीवर ठेवले. आजींनी बोट तिथून पुढे सरकवले. नूकूचा माथा गाठीला लागून होता. जिथे एके काळी बुचडा पोहोचला होता, तिथे आता तो स्वतः होता.

मित्रांनो, माझ्यावर धूळ साचली तर ओल्या फडक्याने पुसू नका, उंडीचे लाकूड असले तरी आकडे पुसट होतात. कोरडे फडके पुरे. छत्री मात्र कुणीतरी काढून घ्यावी. आणि तुमच्या घरातले लहान मूल कुणी मोजत असेल, मोजणारी घाईत असेल किंवा भिडेने हात आखडत असेल, तर तिची वाट पाहू नका. तुम्हीच म्हणा, "थांबा, याचे केस सोडते."