भट्टीवरचा दिवा

“हाही चिरला, काका,” म्हणत प्रेसवाल्याने साच्यातून काढलेला तुकडा पत्र्यावर टाकला. गॅसच्या शेगडीचा पितळी व्हॉल्व्ह. मानेवर केसाएवढी भेग.

भट्टीवाल्याने वाकून भेग पाहिली. पितळेचा स्वभाव त्याला पाठ होता. बेताने तापवले तर प्रेसखाली लोण्यासारखे पसरते, साचा सांगेल तो आकार घेते. जरा जास्त तापले की आतून भुसभुशीत. किती तापले ते रंगावरून ओळखायचे, आणि ते ओळखणे हेच त्याचे काम.

“कालचा माल गेला का रे?”

“पॅकिंगला पडलाय. दुपारी गाडी येईल. का?”

“काही नाही.”

काही नाही कसे? दिसणारी भेग बाजूला काढता येते. न दिसणारी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन उघडते.

सकाळी सून म्हणाली होती, “बाबा, एक मोजा काळा नि एक तांबडा? नवी फॅशन का?” त्याने ते हसण्यावारी नेले होते.

“आधी हा भट्टीवरचा दिवा बंद करा,” तो फोरमनला म्हणाला. भट्टीचा कोपरा मुद्दाम अंधारा ठेवतात. उजेडात तापलेल्या धातूचा रंग कळत नाही. गेल्या आठवड्यात तो तिथेच ठेचकाळला, म्हणून फोरमनने आपणहून तिथे वर दिवा लावून दिला होता.

“तुमच्यासाठीच लावला की. पडायचं तुम्ही आणि बोल दिव्याला,” फोरमन पुटपुटला, पण बटण बंद केले.

कोपरा अंधारला. भट्टीवाल्याने सांडशीने एक तुकडा भट्टीच्या तोंडाशी ओढला. दिव्याचाच दोष असू दे, तो मनात म्हणाला. दिव्याचाच असू दे.

“आता कसा गुंजेसारखा लाल दिसतोय,” प्रेसवाला म्हणाला. “काढा काका, जळेल.”

त्याने डोळे ताणले. तुकडा मातकट दिसत होता. प्रेसवाला बोलला नसता तर अजून तापायला हवा, असेच त्याला वाटले असते.

त्याने तो बाहेर काढला.

“कालचा माल गाडीत चढवू नका,” तो फोरमनला म्हणाला. “सगळा परत वितळवायला घाला.”

“सगळा? अहो, कशावरून?”

“मला रंग दिसत नाहीये.”

 त्याने सांडशी उलटी केली, तापलेले टोक आपल्या हातमोज्यात धरले आणि सांडशीची मूठ प्रेसवाल्यापुढे केली.