झुंबरचं पान

“बाई, पुस्तक वाचायचं असतं, चाटायचं नसतं.”

शाळेचे सेक्रेटरी कापडणीस दारातच उभे होते. सतरंजीवर नऊ वर्षांची झुंबर गूळ लावलेलं पान तोंडाशी धरून बसली होती. यशोदाबाई गांगुर्ड्यांनी मान वर केली.

“शेळी बाजारात पोचलीय, साहेब. बाजारात गूळ असतो. तो हिला आणखी कसा दाखवू?”

साल ब्याऐंशी. नाशिकरोडला भाड्याच्या तीन खोल्यांत मतिमंद मुलांची ही शाळा भरायची. पुढच्या खोल्यांतली मुलं मणी ओवायची, प्रार्थना म्हणायची. मागच्या खोलीत होती पाच जणं, ज्यांना बोलता येत नव्हतं, धड बसताही येत नव्हतं. त्यांना भरवायचं, पुसायचं आणि गप्प ठेवायचं, एवढंच काम यशोदाबाईंना दिलेलं होतं.

त्यांतल्या झुंबरला अंधूक उजेडापलीकडे काही दिसत नसे. दिवसभर मान खाली घालून ती डुलत राही. एकदा बाई आपल्याच विरंगुळ्यासाठी चित्रांचं एक पुस्तक मोठ्यानं वाचत होत्या. शेळी दावं तोडून बाजाराला निघते, अशी गोष्ट. शेळी नदीत उतरली आणि बाईंच्या पदराचं ओलं टोक झुंबरच्या गालाला लागलं. पोरीनं मान वर केली.

दुसऱ्या दिवसापासून पुस्तक जाड होत गेलं. शेळीच्या चित्रावर केसाळ कातड्याचा तुकडा शिवला गेला, रस्त्यावर गोणपाट आलं. नदीच्या पानाला बाई ओलं फडकं गुंडाळत, बाजाराच्या पानावर कोथिंबीर चुरडत. गोष्ट तीच, रोज तीच. आणि ती सुरू झाली की पाचही जणं डुलायची थांबत.

स्नेहसंमेलन जवळ आलं तेव्हा कापडणीसांनी बाईंना बोलावून घेतलं.

“मागच्या खोलीला त्या दिवशी सुट्टी द्या. ओझरच्या कारखान्यातले मोठे साहेब पाहुणे आहेत. त्यांना बघवत नाही हो असलं.”

“पुढच्या खोल्यांना पण सुट्टी आहे का?”

“तुम्ही जरा समजून घ्या, बाई.”

बाईंनी समजून घेतलं आणि संध्याकाळी एकलहऱ्याची बस धरली. झुंबरचा बाप सावळीराम तिथल्या वीज केंद्रात कोळशावर कामाला होता. नुकताच पाळीवरून येऊन तो ओट्यावर हातपाय धूत होता.

“झुंबरला घेऊन या, सावळीरामभाऊ. तिला पुढं बसवायचंय.”

“लोक हसतील ओ, बाई. घरातले हसत्यात तेवढं बास हाय.”

“हसणाऱ्यांसमोरच बसवायचंय.”

सावळीरामनं बराच वेळ तोंड पुसलं. “आणतो,” म्हणाला.

बाकीच्या चार घरीही बाई जाऊन आल्या.

संमेलनाच्या दिवशी स्वागतगीत संपलं आणि कुणी काही म्हणायच्या आत बाईंनी पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर सतरंजी अंथरली. पाचही जणांना आणून बसवलं. झुंबरची लाळ नव्या फ्रॉकवर गळत होती. बाईंनी ती पुसली आणि गोष्ट सुरू केली.

शेळीचं पान झुंबरच्या हाताखाली आलं आणि तिथंच राहिलं. तिची बोटं केसांतून फिरत राहिली. बाई थांबल्या. मागं कुणीतरी खोकलं. एक पाहुणी पदर तोंडाला लावून हसली. कापडणीस वाकून कुजबुजले, “आटपा. नाच खोळंबलाय.”

“तिचं पान अजून झालेलं नाही.”

“बाई, सगळे बघताहेत.”

“बघू देत. त्यासाठीच बसवलंय.”

खुर्च्या करकरल्या. पाहुण्यांनी घड्याळाकडं पाहिलं. बाईंनी पानाला हात लावला नाही. मग झुंबरचा हात कडेला सरकला, चाचपला, आणि तिनं स्वतः पान ढकललं. उलटताना ते जरा फाटलंही. ओल्या फडक्यावर तळवा टेकून ती घशातून मोठ्यानं, भसाडं हसली.

टाळ्या पडल्या नाहीत. काही घडलं आहे असं कुणाला वाटलंच नाही. खांबापाशी उभा असलेला सावळीराम तेवढा पुढं येऊन सतरंजीच्या कडेला बसला. बाईंनी गोष्ट शेवटच्या पानापर्यंत सांगितली, मगच सतरंजी गुंडाळली.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळेनं बाईंना कामावर घेतलं नाही. मागची खोलीही बंद झाली. पुस्तक शाळेचं, म्हणून त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडल्या. वस्तीतल्या आपल्या घरात, जुन्या लुगड्यांच्या घड्या घालून, त्यांनी दुसरं पुस्तक शिवायला घेतलं. शेजारणी म्हणाल्या, “यशोदाबाई, डोकं फिरलं का?” बाई म्हणाल्या, “सुई ओवून द्या जरा.”

सावळीराम सुट्टीच्या दिवशी झुंबरला सायकलवर घेऊन येई. हळूहळू इतरही येऊ लागले.

एका सकाळी दारात अनोळखी बाई उभी राहिली. कडेवर मोठी मुलगी, पायांवर धूळ. भागीबाई नाव सांगितलं. हरसूलहून पहिल्या गाडीनं आली होती.

“इथं गोष्ट सांगत्यात ना? हिला दिसत नाय.”

“ऐकू येतं?”

“ते बी नाय.” ती उंबऱ्याबाहेरच थांबली होती, परत फिरायच्या तयारीत.

यशोदाबाई सतरंजीवर सरकून बसल्या, जागा केली.

“हात आहेत ना,” त्या म्हणाल्या. “बसवा तिला इथं.”