शहनाईच्या सुरात टोचलेली सुई

मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे, मित्रांनो. वजनाने केळीच्या घडाएवढा. जन्म जपानचा, पण अक्कल आली खानदेशातल्या चोपडा गावात. लग्नांचं शूटिंग करणाऱ्या झुलालभाऊंच्या खांद्यावर बसून मी इतक्या पंगती टिपल्या, की न चाखताच मला जिलबीचा कंटाळा आला.

झुलालभाऊंची मुलगी कुंदा आठवीत होती. तिला साखरेचा आजार. औषधाची बाटली गार राहावी म्हणून ओल्या वाळूतल्या मडक्यात आणि रोज सुई. शाळेची सहल उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्याला निघाली, तेव्हा जीवराम सर म्हणाले, "तू घरीच थांब. वाटेत पडलीस तर? शिवाय इतरांना लागण झाली तर?"

सांगून सर ऐकत नाहीत, तर दाखवावं, असं कुंदाने ठरवलं. मला कापसाच्या गाठोड्यावर बसवलं. माझ्या पोटात गावातल्या रुपचंदच्या लग्नाची कॅसेट होती, शेवटी थोडी रिकामी. मडकं, बाटली, सुई, मग भाकरी, मग दोरीवरच्या उड्या. तिने सगळं करून दाखवलं. मी जराही थरथरलो नाही. गाठोड्यावर होतो हे खरं, पण तरीही.

सरांना दाखवण्याआधीच झुलालभाऊंनी ती कॅसेट न पाहताच मिक्सिंगसाठी, म्हणजे गाणी नि नक्षी चढवायला, जळगावला धाडली. मिक्सिंगवाल्याने सवयीप्रमाणे सगळंच लग्न समजून सजवलं.

मग एके दिवशी ती कॅसेट पाहायला रुपचंदच्या अंगणात टीव्ही लागला. मानाच्या खुर्चीत जीवराम सर. नवरी रडत गाडीत बसली आणि लगेच बदामाच्या आकारात कुंदा अवतरली. वरून गुलाबाच्या पाकळ्या. शहनाईच्या सुरात तिने स्वतःला सुई टोचली.

गावातल्या म्हाताऱ्या गिरधर आबांनी विचारलं, "हाई कोनती रीत शे?"

"नवरीकडली व्हई," मागून कुणी म्हणालं.

झुलालभाऊ टीव्ही बंद करायला धावले. कुंदा आडवी आली.

"आबा, रीत नही. माले साखरनी बिमारी शे. ती कोनले लागत नही. मनी सुई मीच लेस, मंग जेवस, मंग खेयस."

टीव्हीत ती पाकळ्यांमधून उड्या मारत होती. आबा सरांकडे वळले. "सर, तुमले इतक्या उड्या मारता येतस का?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "कुंदा, सहलीला ते मडकं मी धरीन."

उनपदेवपर्यंत त्यांनी ते मांडीवरून हलवलं नाही. रुपचंद मात्र पाहुण्यांना ती कॅसेट आजही कुंदासकट दाखवतो.

आता मी माळ्यावर असतो. धूळ बसते, बसू द्या. पण मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी डब्याआधी सुई घेत असेल, तर तेवढं थांबा. मग सोबत जेवा, मग खेळा. आमच्याकडे आता हीच रीत आहे.