झाकण लागलं पाहिजे

कॉम्प्युटरच्या दुकानदाराने तीन हार्ड ड्राइव्ह पुढ्यात मांडले. शिंपीणबाईंनी पिशवीतून बटणांचा डबा काढला आणि एकेक ड्राइव्ह त्यात बसवून बघू लागल्या.

"वहिनी, ड्राइव्ह घेताय की डबा भरताय? मोठा घ्या, स्वस्त पडेल."

"झाकण लागत नाही."

गेमला जागा हवी म्हणून नवऱ्याने त्यांची सहा वर्षांची डिझाइनं कॉम्प्युटरवरून पुसली होती. वर म्हणाला, "पसारा काढला." त्यांनी ती मान मोडेस्तोवर बसून पुन्हा काढली. घरात त्याचा हात न लागणारा हा एकच डबा. बटण तुटलं की गडी शर्ट बायकोच्या अंगावर भिरकावून मोकळा!

सगळ्यात छोट्या ड्राइव्हवर बटणं पसरून त्यांनी झाकण दाबलं. लागलं.

"हाच द्या. खोकं तुम्हीच ठेवा."