त्रेचाळिसावा चिंचोका

चिंचोका एका बाजूने घासून पांढरा झालेला, दुसऱ्या बाजूने तसाच काळपट, गुळगुळीत – आणि शालिग्राम सर तो अंगठ्याने उलटासुलटा करत उभे. समोर सहावीची पोरं गट करून फरशीवर बसलेली, आपापल्या ढिगातल्या चिंचोक्यांचे आयत मांडत. सारख्या रांगा जमल्या तर संयुक्त संख्या, एका लांबलचक ओळीशिवाय काहीच जमलं नाही तर मूळ. सोपा पाठ. वीस वर्षं शिकवतोय. मग आजच तो नकोसा का वाटावा...

पंधरा दिवसांपूर्वी मैदानावर हाच हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला होता. सव्वीस जानेवारीची कवायत, पोरं त्रेचाळीस. दोनने भाग जात नाही, तीनने नाही, पाचने नाही. सात साते एकोणपन्नास, म्हणजे पुढे बघायलाच नको – मूळ संख्या. सारख्या रांगा होणं शक्य नाही. एक कमी केला की सात सक बेचाळीस, काय सुरेख चौकट! एकच तर काढायचा. "सबीहा, तू चपला सांभाळ गं," ते म्हणाले होते, आणि ती मुकाट्याने लिंबाखाली गेली होती. का, असंसुद्धा विचारलं नाही तिने. विचारलं असतं तर निदान खोटं बोलताना मला माझा आवाज ऐकू आला असता.

कारण गणिताने एक काढायला सांगितलं होतं. कोणाला, ते मी ठरवलं. पाय तर गजेंद्रचा चुकतो, रोज, डावा म्हटलं की उजवा. पण त्याचे वडील शाळा समितीचे अध्यक्ष. आणि सबीहाचा बाप शकूर, गाद्या भरणारा, तो कशाला भांडायला येतोय... आला होता पण. परवा, देऊळघाटच्या बाजारातून परतताना, फाटकाबाहेरच सायकल धरून उभा राहिला.

"पोरगी आंगनात एकटीच डावा-उजवा करून राह्यली, सर. म्हनलं इचारून पाहाव."

आणि सरांनी त्याला मूळ संख्या समजावून सांगितली! त्या माणसाला, तिथे, उन्हात – दोनने जात नाही, तीनने जात नाही – अरे, जीभ कशी झडली नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. "हाव, तुमचं बरोबरच असन," म्हणाला आणि गेला. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सर, आमचं झालं."

सबीहाचा गट. सहा-सहाच्या सात रांगा, आणि त्यांच्यापुढे, मधोमध, एक चिंचोका वेगळा.

"किती आहेत?"

"त्रेचाळीस."

सरांनी हातातला चिंचोका घट्ट धरला. "मग हा एक उरला ना? आयत नाही झाला."

"नाही झाला. मूळच हाय ते," ती म्हणाली. "पन ह्याले काऊन काढाव, सर? समोर ठेवला त सगळेच मावतेत."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी तो शोधला, अगदी मन लावून शोधला. असता तर रागावता तरी आलं असतं. ती नुसती चिंचोक्यांबद्दल बोलत होती आणि शाबासकीची वाट बघत होती.

समोर. इतकं सोपं, मला सुचलं कसं नाही... सुचलं होतं की, शालिग्राम, खरं बोल. पण समोर एकच म्हटल्यावर आमचा गजेंद्र का नाही, असं अध्यक्षांनी विचारलं असतं, आणि ती कटकट नको म्हणून तू भागाकारामागे लपलास.

घंटा झाली. उद्या सव्वीस, आज शेवटचा सराव. पोरं चपला काढून मैदानात पळाली. सबीहा लिंबाखाली चपलांचे जोड लावू लागली, सहा, बारा, अठरा... सर रोजच्या जागी जाऊन उभे राहिले, शिट्टी ओठांना लावली. समोर सात रांगा. त्यांच्यापुढे, मधोमध, एकजण वेगळा – आणि तिथे ते स्वतःच उभे होते.

शिट्टीत फुंकर जाईना. पोरं पाय उचलायच्या तयारीत ताटकळलेली, गजेंद्र उजवा. आणि लिंबाखाली सबीहाही, एका हातात चप्पल, डावा पाय किंचित पुढे. ही जागा माझी नाही, एवढं कळत होतं मला. आणि तिथून हलायचं धाडस, एवढी साधी गोष्ट, अजून होत नव्हतं.