हिरीबाईचा पहिला घास

आमच्या हॉटेलात रानभाजीचा पहिला घास हिरीबाई खायची. तिच्या तांड्यातली जुनी रीत होती ती. ज्या बाईने भाजी खुडली, तिने ती सगळ्यांच्या आधी खायची. रानात एखादं भलतं पान हाताला लागतं, जुडीत मिसळून जातं, आणि ते ओळखायला माणसाच्या जिभेसारखं दुसरं काही नाही, असं तिचं म्हणणं. खुडतानाही ती दर चार-दोन पानांमागे एक कच्चं चावून बघायची. मग दुपारी ओट्यावर मांडी घालून बसायची, वहिनी तिच्यापुढे भाकर-भाजी ठेवायची, आणि गिऱ्हाइकं हातातली भाकर हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत राहायची.

"खा आता," ती घास गिळून म्हणायची. "मेली नाई मी."

लोक हसायचे आणि जेवायला लागायचे. शिरपूरला दर्शनाला निघालेले गाडीवाले तर मोबाईलवर तिचं शूटिंग करायचे. माझ्या भावाला, संघपालला, त्यातलं बरोबर कळलं होतं. शहराच्या माणसाला नुसती भाजी नको असते, भाजीसोबत थोडी गंमत लागते. त्याने पाटीवर हिरीबाईचा फोटोच लावला होता, खाली 'गावरान जेवण, पोटभर, साठ रुपये'.

रिसोडच्या रस्त्याला आमचं टिनाचं शेड. भाकरी मी थापते, भाजी वहिनी करते, गल्ल्यावर दादा. माल सगळा आजूबाजूचा. तूर शेजारच्या शेतातली, मिरची आमच्या परसातली, ज्वारी गावातली. पावसाळ्यात तरोटा, केना, करटुले हिरीबाई आणायची. यात माझं कौतुक काही नाही, माझ्या भाकरी कडेला चिरतात आणि दादा ते गिऱ्हाइकांसमोर सांगतो. पण वहिनीच्या हाताला चव आहे. धम्मदीपा नाव तिचं. लसणाची फोडणी दिली की रस्त्यावरचा ट्रकवाला ब्रेक मारतो.

सुरुवातीला मात्र कोणी ब्रेक मारत नव्हतं. मारला तरी पाण्याचा तांब्या हातात घेऊन आधी विचारायचे, "तुमी कोणाचे? आडनाव काय?" दादा सांगायचा. मग त्यांना अचानक काम आठवायचं आणि तांब्या होता तिथे राहायचा. मला तो तांब्या त्यांच्या डोक्यात घालावासा वाटायचा. हिरीबाई येऊन ओट्यावर बसायला लागली, सगळ्यांदेखत आमच्या ताटात जेवायला लागली, तेव्हापासून हळूहळू बाकीचेही बसू लागले. हॉटेल उभं राहिलं ते तिच्या त्या घासावर. म्हणून पुढे जे झालं त्यात दादाला सगळा दोष देताना माझी जीभ अडखळते. तरी देते.

त्या दिवशी तरोटा होता. कोवळे शेंडे, दवाने ओले, टोपलं भरून. हिरीबाई सकाळीच घेऊन आली आणि म्हणाली, "नाल्याच्या बांधावर असा माजला आहे, पाय ठेवाले जागा नाई." वहिनीने भाजी धुतली, उकडली, पाणी पिळून टाकलं, तुरीची डाळ घालून परतली. हिरीबाईने पहिला घास खाल्ला. "खा आता," म्हणाली. त्या दिवशी गर्दी चांगली होती. एक जीपभर बाया लग्नाला चालल्या होत्या, एसटी चुकलेले दोघे-तिघे होते, शिरपूरला जाणारं एक कुटुंब होतं. त्यातल्या म्हाताऱ्याने भाजी दोनदा मागून घेतली. आम्हीही तिघं शेवटी त्याच भाजीच्या गंजातलं जेवलो. तळाची खरवड मी बोटाने पुसून खाल्ली.

गर्दी ओसरली, हिरीबाई तांड्यावर गेली, त्यानंतर अनुप आला. आमच्यामागे त्याचं सोयाबीन आहे. रोजचा जेवणारा. हात धुऊन बसला, मी ताट ठेवलं.

"कोणती भाजी हाये?"

"तरोटा."

"कुठला?"

"नाल्याच्या बांधावरचा," मी म्हटलं. "का? तुले आता भाजीचा पत्ता लागते का?"

अनुप हसला नाही. त्याने भाकरीचा तुकडा मोडला होता, तो परत ताटात ठेवला आणि ताट हाताने हळूच पुढे सरकवलं.

"काल दिवस बुडता बुडता मी त्या बांधावर औषध मारलं," तो म्हणाला. "तण जाळाचं."

वहिनी चुलीपासून उठून आली. दादा गल्ल्यावरून म्हणाला, "कोणत्या बांधावर?"

"नाल्याच्याच. काठीले बाटली टांगली होती ना मी! कोणाले दिसली नाई?"

आमच्याकडे औषध मारलं की त्याची रिकामी बाटली काठीला टांगतात, म्हणजे कोणी तिथे गुरं सोडत नाही, गवत कापत नाही. ही खूण लहान पोराला कळते. पण यंदा रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. नाल्याच्या कडेने सगळ्यांनीच जुन्या साड्या बांधल्या होत्या आणि साड्यांवर औषधाच्या रिकाम्या बाटल्या लटकवल्या होत्या, वाऱ्याने खडखडल्या की डुकरं बिचकतात म्हणून. अनुपची बाटली त्यांच्यातच लटकत होती. हिरीबाई तिच्याखाली बसून शेंडे खुडत होती.

आम्ही चौघं बांधावर गेलो. सकाळी जे पाय ठेवायला जागा नाही इतकं हिरवं होतं, ते उन्हाने उकडलेल्या भाजीसारखं झालं होतं. पानांवर तपकिरी डाग, कडा करपलेल्या. फक्त एका पट्ट्यात झाडांना शेंडेच नव्हते. तिथे नखाने खुडल्याच्या खुणा होत्या. वहिनीने तोंडावर पदर धरला.

"हे पोटात गेलं त काय होते?" दादाने विचारलं.

अनुपने पायाने एक करपलेलं झाड बाजूला केलं. मग म्हणाला, "माझ्या मामाच्या पोरानं घोटभर घेतलं होतं, बापासंगं भांडून. आधी काहीच झालं नाई त्याले. दवाखान्यात चहा मागून पेत होता, आमच्यासंगं हसत होता. आमाले वाटलं वाचला. मंग तोंड आलं. मंग लघवी बंद झाली. मंग दम लागाले लागला."

"घोटभर," दादा लगेच म्हणाला. "ते घोटभर होतं. आपलं त धुतलेलं, उकडलेलं. काही होत नाई."

"हिरीबाईनं कच्चं चावलं," मी म्हटलं.

दादाने माझ्याकडे बघितलंच नाही.

संध्याकाळी तांड्यावर गेलो. हिरीबाई दारात बसून तंबाखू चोळत होती. सगळं ऐकून घेतलं तिने. वहिनी म्हणाली, "माय, चाल, रिसोडले डॉक्टरले दाखवू. आत्ताच." हिरीबाईने दोन्ही हात पुढे करून दाखवले, जीभ काढून दाखवली.

"मले काय झालं? पाह्य, धडधाकट आहो. मी गेली दवाखान्यात त सारं गाव विचारीन का काहून गेली. तुमचं हाटेल राह्यते का मंग?"

दादाने मान खाली घातली, पण चेहऱ्यावर सुटल्याचा भाव मी बघितला. मला त्याची शिसारी आली. घरी येताना मी रस्त्यातच त्याच्याशी भांडले. ज्यांनी खाल्लं त्यांना शोधलं पाहिजे, निदान पाटीवर लिहून लावलं पाहिजे, कोणाला तरी सांगितलं पाहिजे. तो एकदम ओरडला.

"कोणाले सांगू? दुसऱ्याच्या हाटेलात कोणी मेलं त लोक म्हणतात त्याचं नशीब. आपल्या इथं नुसतं पोट दुखलं तरी पहिलं आडनाव निघते. यायनं जहर घातलं म्हणतीन. तुले समजते का?"

मला समजत होतं. तेच वाईट होतं. पाटीवर आम्ही काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दादाने हिरीबाईला सकाळीच बोलावून घ्यायला सुरुवात केली. ओट्याच्या कडेला, रस्त्यावरून दिसेल अशी, तिच्यासाठी खुर्ची मांडली. भाजी खुडायला जायचं नाही, नुसतं बसायचं. येणारा-जाणारा तिला बघायचा, हात करायचा, ती हात करायची. दादा आतून दर थोड्या वेळाने तिच्याकडे बघत होता. दुकानदार काट्याकडे बघतो तसा. ती बसली आहे म्हणजे ज्यांनी खाल्लं ते सगळे कुठेतरी असेच बसले आहेत, असा त्याचा हिशेब असावा. रानभाजी बंद केली होती. वांगी, बटाटे, वरण. कोणी विचारलं तर दादा सांगायचा, "बांधावर डुकरं लय झाले."

पहिला दिवस बरा गेला. हिरीबाईने गिऱ्हाइकांची थट्टा केली, माझ्या भाकरीला नावं ठेवली. मलाही वाटायला लागलं, दादाच खरा असेल.

त्यानंतरच्या दिवशी तिने तंबाखू खाल्ला नाही. हिरीबाई एक वेळ भाकरीवाचून राहील, पण तंबाखूवाचून नाही. मी विचारलं तर म्हणाली, "सोडला. वाईट असते." आणि पदराने ओठ पुसले. मग पुन्हा पुसले. दिवसभर ती ओठ पुसत होती. मी वहिनीला खूण केली. वहिनीने तिला ताक दिलं. हिरीबाईने पेला ओठाला लावला, डोळे घट्ट मिटले, आणि आमची पाठ वळल्यावर ताक कुंडीत ओतलं. मी वळून बघितलं तेव्हा पेला रिकामा होता आणि मातीवर पांढरं पसरलं होतं.

"दादा, गाडी काढ," मी म्हटलं.

"उद्या," तो म्हणाला. "उद्या सकाळी नेतो. तोंड आलं असीन उष्णतेनं."

मग मोजून झालेला गल्ला त्याने पुन्हा मोजायला घेतला. ज्याला खात्री असते तो तेच पैसे पुन्हा मोजत नाही.

सकाळी गाडी काढायच्या आधीच मिनीबस येऊन थांबली. कारंज्याकडची मंडळी होती, गेल्या वर्षी येऊन गेलेली. उतरल्या उतरल्या त्यांना हिरीबाई दिसली आणि त्यांनी एकच गलका केला. "तीच बाई! हिचा घास झाल्याशिवाय आम्ही जेवत नसतो!" ताटं मांडली गेली. वांग्याची भाजी होती, बाजारातली, स्वच्छ. कोणाचंही काही बिघडलं नसतं. दादा म्हणाला, "आज तब्येत बरी नाई तिची." पण लोक ऐकेनात. मोबाईल वर झाले.

हिरीबाईने दादाकडे बघितलं. मग स्वतःच भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला.

सगळे थांबले होते. तिचा जबडा एकदा हलला आणि बंद पडला. डोळ्यांत पाणी भरलं. गळा वर झाला, खाली आला, पण घास काही जाईना. तो तिने गालात तसाच धरून ठेवला, आणि 'खा आता' म्हणता येत नव्हतं म्हणून हाताने खूण केली. खा, खा. चेहऱ्यावर हसू आणलं. हसली तेव्हा मला तिची जीभ दिसली. सोललेली होती, पांढरी आणि लाल.

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवायला लागले.

मी परात तिथेच टाकली. वहिनीने हिरीबाईला एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. ती मानेनेच नको नको म्हणत होती, पण अंगात जोर नव्हता. दादा गल्ला उघडा टाकून धावत आला, आणि गाडीपर्यंत पोचेस्तोवर लहान पोरासारखा रडत होता. "माय, मले माफ कर," म्हणत होता. हिरीबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यानेही तिला धाप लागली.

रिसोडला डॉक्टरने बॅटरी लावून तिचं तोंड बघितलं. कधीपासून लघवी झाली नाही विचारलं. तिने मान हलवली, आठवत नव्हतं. कोणतं औषध, कधी, कसं पोटात गेलं, सगळं दादाने सांगितलं. आता काहीच लपवलं नाही. डॉक्टर तरुण होता. त्याने नर्सला मोठ्या दवाखान्यासाठी ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "उशीर केला तुम्ही."

मग त्याने विचारलं, "हे एकट्या यांनीच खाल्लं ना?"

हिरीबाईने खाटेवरून दादाकडे बघितलं.

"नाई साहेब," दादा म्हणाला. "ही माझी बायको. ही बहीण. अन् मी." एवढं बोलून तो थांबला. डॉक्टर वाट बघत होता. दादाचे ओठ हलत होते, तो जीपमधल्या बाया आठवत होता, शिरपूरचा म्हातारा आठवत होता, ज्याने भाजी दोनदा मागून घेतली होती. पण जेवून, पैसे देऊन, हात करून ते सगळे निघून गेले होते, आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव आम्हाला ठाऊक नव्हतं.