लुकलुकणारी खुंटी

वेधशाळेत त्यांना सगळे डागकाका म्हणत. रेडिओ दुर्बिणीच्या डिशमध्ये एक रिसीव्हर बसवलेला असतो. आकाशातून आलेली अगदी क्षीण कुजबुज पकडून ती मोठी करणं हे त्याचं काम. त्याच्या पोटातले केसाएवढे सांधे डागकाका भिंगाखाली धरून, वितळलेल्या कथलाचा डाग देऊन जोडत. त्यांची सूनही तिथेच कामाला, पण वरच्या मजल्यावर, ती खगोलशास्त्रज्ञ. मुलगा जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. त्यामुळे घरातही ही दोघं आणि वेधशाळेतही हीच दोघं. "घरी मी सासरा, इथे ही माझी साहेब," असं डागकाका कँटीनमध्ये सांगत. त्यावर सून म्हणे, "घरी तरी कुठे वेगळं आहे, बाबा?"

हल्ली मात्र ही थट्टा बंद पडली होती.

झालं असं, की डागकाकांनी खपून एक नवा रिसीव्हर तयार केला. जुना आखूड लहरी ऐकायचा, हा जरा लांब लहरी ऐकणार होता. सुनेचं वर्षभराचं काम त्याच्यावर अवलंबून होतं. आकाशाच्या एका तुकड्यातल्या मंद दीर्घिका तिला मोजायच्या होत्या. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा पसारा. तो काही दुपारी उजळतो आणि संध्याकाळी विझतो असं होत नाही. पण नवा रिसीव्हर बसला आणि नेमकं तेच दिसायला लागलं. काही तासांत सगळ्या दीर्घिका एकदम वर, मग एकदम खाली. कोणी बटण हातात धरून आवाज कमीजास्त करत बसावं तसं.

असं झालं की पहिला संशय कच्च्या डागावर जातो. सांधा नीट बसला नसेल तर उन्हानं तापला की उघडतो, गार झाला की मिटतो. डागकाकांनी रिसीव्हर खाली उतरवून तपासला, परत बसवला, परत उतरवला. काही सापडलं नाही. शेवटी वेधशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी शांतपणे सांगितलं, की आठवडाअखेरपर्यंत दोष सापडला नाही तर जुना रिसीव्हर परत बसवू आणि या मोसमाची निरीक्षणं सोडून देऊ. त्या डागकाकांना एका शब्दानं बोलल्या नाहीत. कोणीच बोललं नाही. बोलले असते तर बरं, असं डागकाकांना वाटलं.

कारण एक गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. हिवाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. फार नाही, कप बशीवर ठेवताना किणकिण वाजेल इतकाच. म्हणून ते चहा अर्धाच घेत. डाग देताना मनगट टेबलाला टेकवलं की हात थांबायचा. निदान थांबतो असं त्यांना वाटायचं. आता मात्र त्यांची खात्री पटत चालली होती, की कुठल्या तरी सांध्यावर तो थांबला नसणार.

शेवटच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात त्यांनी ते सांगून टाकलं. आधी सुनेला, मग मोठ्या बाईंना, असं त्यांनी ठरवलं होतं.

"माझा हात गेला गं. तुझं वर्ष मी वाया घालवलं. आज बाईंना सांगतो, टेबल दुसऱ्या कुणाला द्या."

सून खुर्ची ओढून समोर बसली. "नाही, असं कसं, बाबा" वगैरे काही म्हणाली नाही. तिनं उलटा प्रश्न विचारला.

"बाबा, डाग कच्चा असला तर काय काय हलेल?"

"सगळंच. त्यातून जे जे जाईल ते."

"रिसीव्हरची स्वतःची खरखरसुद्धा?"

"ती तर आधी."

सून उठून उभी राहिली. मग म्हणाली, की बाईंकडे जेवणानंतर जा, तोवर मला कच्चे आकडे बघू द्या.

आता कच्चे आकडे म्हणजे काय, हे जरा समजून घेऊ. दुर्बीण काहीही मोजताना मधूनमधून मान वळवून एका ठरलेल्या क्वासारकडे बघते. क्वासार म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेच्या गाभ्यातला धगधगता ठिपका. तो स्थिर आहे असं धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या मापानं मोजायचं. वेधशाळेतले लोक त्याला खुंटी म्हणत, कारण सगळ्यांची मापं त्याच्यावर टांगलेली. संगणक प्रत्येक आकड्याला आधी खुंटीच्या आकड्यानं भागतो आणि मगच तो माणसाला दाखवतो. भागण्याआधीचे आकडे उघडून बघायचं कोणाच्या मनातही येत नाही. बाजारात आपण भाजी तोलून घेतो, पण वजनमाप कोण तोलून बघतं?

सुनेनं ते आकडे उघडले. रिसीव्हरची खरखर सरळ रेषेत. दीर्घिका जवळजवळ सरळ रेषेत. आणि खुंटी? खुंटी चढत होती, उतरत होती. ती चढली की तिच्यानं भागलेलं सगळं जग खाली जायचं.

तिनं डागकाकांना वर बोलावून पडदा दाखवला. डागकाकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग त्यांनी विचारलं, की इतकी वर्षं हीच खुंटी वापरली, तेव्हा कशी नाही हलली?

सुनेनं सांगितलं ते असं. आपण पोहायच्या तलावाच्या तळाशी उन्हाची जाळी हलताना बघतो. ऊन हलत नाही, वरचं पाणी हलतं. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीतही विरळ वायू असतो, आणि तो सगळीकडे सारखा नसतो, कुठे दाट, कुठे पातळ. क्वासारच्या रेडिओ लहरी त्यातून येताना अशीच जाळी पडते आणि आपली पृथ्वी त्या जाळीतून पुढे सरकत राहते. उजेडाचा पट्टा आला की क्वासार तेज वाटतो, मधली फट आली की मंद. जुन्या रिसीव्हरच्या आखूड लहरींना हा वायू फारसा वाकवत नव्हता. नव्या लहरींना वाकवतो.

"मग तुझ्या दीर्घिका का नाही लुकलुकत?"

"तारे लुकलुकतात, ग्रह फारसे नाही. ग्रह ठिपक्यापेक्षा मोठा दिसतो, म्हणून त्याच्या निरनिराळ्या भागांचं वरखाली आपसात मिटतं. दीर्घिका तशाच पसरट. आणि खुंटी आम्ही शोधून शोधून घेतली ती बारीकातली बारीक. मोजायला सोपी म्हणून."

हे सगळं पटण्यासारखं होतं आणि त्याचीच डागकाकांना भीती वाटली. सून आपल्याला सांभाळून तर घेत नाही ना? त्यांनी स्पष्टच सांगितलं, की माझा हात न लागलेला रिसीव्हर काय म्हणतो ते मला बघायचंय.

सुनेनं हे सगळं जाऊन मोठ्या बाईंना सांगितलं आणि त्यांना ते आवडलं. समुद्रापलीकडच्या वेधशाळेत अशाच लांब लहरी ऐकणारा रिसीव्हर होता आणि तिथे त्यांची ओळख होती. त्यांनी फोन लावला. रेडिओ दुर्बिणीला दिवसरात्र सारखीच, त्यामुळे दुपारीच दोन्ही डिश एका वेळी खुंटीकडे वळल्या. दोष रिसीव्हरचा असेल तर पलीकडे काहीच दिसणार नाही. क्वासार स्वतःच कमीजास्त होत असेल तर दोन्हीकडे एकाच क्षणी दिसेल. आणि जाळी सरकत असेल तर आधी एकीकडे, मग दुसरीकडे.

तिघं पडद्यासमोर बसली. डागकाकांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. बऱ्याच वेळानं पलीकडची रेषा चढायला लागली. यांची सरळच. सुनेनं डागकाकांकडे बघितलं नाही, पण तिची खुर्ची थोडी जवळ सरकली. पलीकडची रेषा टोकाला जाऊन वाकली, उतरायला लागली.

आणि मग यांची चढली. तोच उंचवटा, तेच वाकण, उतारावरची तीच बारीक खाच, फक्त काही मिनिटं उशिरा. एका लाटेनं तिकडचा किनारा भिजवून इकडे यावं तशी.

मग मोठ्या बाई म्हणाल्या, "डागकाका, रिसीव्हर उतरवायचा नाही. खुंटी बदलायची."

डागकाका हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांत पाणी आलं. मोसम वाया गेला नव्हता. कच्चे आकडे जसेच्या तसे होते, एखादी पसरट, न लुकलुकणारी खुंटी घेऊन पुन्हा भागले की झालं. आणि सुनेनं तर त्या लुकलुकण्यातून वायू कुठे दाट, कुठे पातळ हे काढायचे बेतही सुरू केले होते.

हसू ओसरल्यावर डागकाकांनी बाईंना हाताचं तरीही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आधी डॉक्टरांना दाखवा, टेबल कुठे पळून जात नाही.

संध्याकाळी घरी सुनेनं चहा ओतायला घेतला.

"आज भरून दे," डागकाका म्हणाले.

"सांडेल."

"तुला आधीपासूनच माहीत होतं?"

"हिवाळ्यापासून. अर्धा कप कोण ओतत होतं, बाबा?"

तिनं कप काठोकाठ भरला. डागकाकांनी उचलला, बशी किणकिणली, थोडा चहा बशीत सांडला. त्यांनी तो सांडू दिला आणि विचारलं, की त्या नव्या खुंटीचं काय ठरलं, आणि या वेळी तरी आधी तिला पारखून घेणार का, साहेब?